माफीचा अर्ज मंजूर करण्यापूर्वी: मुख्याध्यापकांस खुले पत्र

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांचे सर्व मुख्याध्यापक व मुख्याध्यापिका यांस,



मी शारीरिक शिक्षणाच्या पदवी-अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाचा एक छात्राध्यापक आहे. ना धड शिक्षक, ना धड विद्यार्थी, अशा त्रिशंकू अवस्थेतील मनुष्याने तीस-तीस वर्षे शाळा चालविलेल्या मंडळींना पत्र लिहावे यात कोणास औद्धत्य दिसल्यास तो दोष मी आधीच पदरी घेतो. तरीही लिहितो आहे, कारण ज्या एका कागदाविषयी मला बोलावयाचे आहे त्यावरील अखेरची सही आपली असते. तो कागद आपल्या पूर्ण परिचयाचा आहे. जून-जुलैत पालक तो घेऊन येतात. मागे वैद्यकीय दाखला टाचलेला असतो, आणि मजकूर बहुधा एकाच धाटणीचा असतो, की माझा पाल्य अमुक कारणाने अपंग असल्यामुळे त्यास शारीरिक शिक्षणाच्या तासाची माफी मिळावी. आपण क्षणभर त्या मुलाकडे पाहता, मनात कणव दाटून येते, आणि ‘मंजूर’ असा शेरा मारून आपण तो कागद दप्तरी दाखल करता. त्या कणवेविषयी मला शंका नाही. तिच्यापायी मुलाच्या वाट्याला काय येते त्याविषयी आहे, आणि ती कैफियत मी माझ्याच एका कसुरापासून सुरू करतो.

गेल्या वर्षी सरावपाठांसाठी मला एका सर्वसाधारण शाळेची आठवीची तुकडी मिळाली होती. तीत डाव्या पायाला कॅलिपर लावणारी एक मुलगी होती. हजेरीपटात तिच्या नावापुढे तांबड्या शाईने ‘माफी’ असे लिहिलेले होते, आणि मी येईपर्यंत ती या तासाला कडुनिंबाच्या पारावर बसून खेळणाऱ्या मुलींच्या चपला, घड्याळे आणि पाण्याच्या बाटल्या राखीत असे. मला ते काही बरे वाटले नाही. मी तिला खो-खोच्या सामन्याची गुणलेखक केले. वही दिली, पेन्सिल दिली, मुख्य म्हणजे बसावयास खुर्ची दिली. तीन आठवडे तिने गुण इतके चोख लिहिले की एकदाही तंटा झाला नाही, आणि पाठनिरीक्षणास आलेल्या प्राध्यापकांनी माझ्या टाचणाखाली ‘समावेशनाचा उत्तम प्रयत्न’ असा शेरा दिला, जो मी त्या रात्री फोनवरून घरी आईला वाचूनही दाखविला. चपला राखणारीला मी गुण राखावयास बसविले आणि पारावरून उठवून खुर्चीत ठेविले, एवढेच काय ते माझे कर्तृत्व, हे कळावयास मला पुढचे आठ महिने आणि दुसरी एक शाळा लागली.

ही दुसरी शाळा म्हणजे बौद्धिक अक्षमता आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची विशेष शाळा. आमच्या अभ्यासक्रमात ‘अनुकूलित शारीरिक शिक्षण’ असा एक घटक आहे. अमेरिकेतील शारीरिक शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने नेमलेल्या समितीने १९५२ साली त्याची जी व्याख्या केली, ती आम्ही परीक्षेपुरती पाठ केलेली असते. ज्या विद्यार्थ्यांना सर्वसाधारण कार्यक्रमात निर्बंधाविना, सुरक्षितपणे व यशस्वीपणे भाग घेता येत नाही, त्यांच्या आवडी, क्षमता आणि मर्यादा यांना जुळतील असे खेळ, हालचाली व ताललय यांची योजना, असा तिचा सारांश. तीत ‘आवडी’ हा शब्द क्षमतेच्या आधी येतो, ही गोष्ट मी उत्तरपत्रिकेत दोनदा लिहूनही माझ्या लक्षात आली नव्हती.

पहिल्या दिवशी मी माझ्या समजुतीप्रमाणे जय्यत तयारीने गेलो. पस्तीस मिनिटांचे टाचण, त्यात हजेरी, तापन व्यायाम, मुख्य कौशल्य, मनोरंजक खेळ आणि विसर्जन यांच्या मिनिटांच्या वाटण्या, गळ्यात शिट्टी, आणि आदल्या संध्याकाळी फक्की मारून काटकोनात आखून ठेविलेले मैदान. मुले आली, चौदा. त्यांपैकी एकाने रेघ पाहताच तिच्यापाशी बैठक मारली, बोटाने ती फक्की अत्यंत काळजीपूर्वक गोळा करून तळहातावर तिचा ढीग केला, आणि तो हात डोळ्यांकडे नेणार तोच तेथील शिक्षिका, ज्यांना सारी शाळा ताई म्हणते, धावल्या. ‘चुना आहे तो, सर. आमच्याकडे दोरी अंथरतात.’ माझ्या मैदानाची एक बाजू अशी पुसली गेली. उरलेल्या तीन बाजूंच्या भरवशावर मी मुलांना ओळीत उभे करण्यासाठी शिट्टी फुंकली.

पुढच्या दोन-तीन क्षणांत जे घडले ते मी विसरू शकत नाही. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या, निळी टोपी घातलेल्या एका मुलाचे दोन्ही हात बाजूंना फेकले गेले, पाठ धनुष्यासारखी ताणली गेली, पाय पावठ्यावरून सुटून सरळ ताठ झाले आणि टोपी मागे उडून पडली. दुसरा एक मुलगा कान घट्ट दाबून भिंतीशी उकिडवा बसला. आणि दोघी मुली, ज्यांना ऐकूच येत नव्हते, माझ्याकडे पाठ करून एकमेकींच्या रिबिनी सोडण्यात गर्क राहिल्या. ताई मला रागे भरल्या नाहीत. त्या निळ्या टोपीवाल्याच्या मागे उभ्या राहिल्या, त्याचे गुडघे हलकेच दुमडून धरले, आणि अंग सैल पडेपर्यंत त्याच्याशी सकाळच्या पोह्यांविषयी बोलत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘शिट्टी खिशात ठेवा. आधी यांची ओळख तर करून घ्या.’ सेरेब्रल पाल्सीत मेंदूची स्नायूंवरील हुकमतच बिघडलेली असल्यामुळे अवचित आवाजाने दचकण्याची जी प्रतिक्षिप्त क्रिया तुम्हाआम्हांत निमिषात विरते, ती अशा मुलाच्या सर्वांगाचा ताबा घेऊ शकते, हे मी वाचलेले होते. वाचलेले होते, आणि तरी फुंकली. आमच्या पेशाचे सारे बिरुद त्या एका दोरीला लोंबत असते. ती खिशात गेल्यावर माझ्या हातांचे काय करावे हेच मला सुचेना.

दुसऱ्या दिवशी मी कोलांटउडी घेणार होतो. गाद्या अंथरल्या होत्या, आणि लवचिक अंगाची म्हणून जी मुलगी मी सर्वप्रथम निवडली होती तिला डाऊन सिंड्रोम होता. तिने हात टेकले, मान आत घेतली, तोच ताईंनी माझे कोपर धरले. या मुलांचे अस्थिबंध मुळातच सैल असतात, आणि त्यांच्यापैकी काहींच्या मानेतील वरच्या दोन मणक्यांचा सांधा त्यामुळे अस्थिर असतो. मानेवर भार पडेल अशी हालचाल, मग ती कोलांटउडी असो की शीर्षासन, त्यांच्या मज्जारज्जूस दुखापत करू शकते. म्हणून वैद्यकीय तपासणीवाचून ती त्यांच्याकडून करवून घेत नाहीत, आणि स्पेशल ऑलिम्पिक्सने १९८३ पासूनच त्याबाबत निर्बंध घातलेले आहेत. माझ्या टिपणवहीत ‘डाऊन सिंड्रोम’ या मथळ्याखाली चार ओळी होत्या. त्यांत ‘मान’ हा शब्द नव्हता. त्या मुलीने गादीवर आडवे होऊन लाकडी ओंडक्यासारखे लोळत जावे असे ठरले, आणि ती इतकी झपाझप लोळत गेली की तिसऱ्या गादीवरून थेट धुळीत उतरली आणि उठून पुन्हा रांगेत पहिली येऊन उभी राहिली.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगितला. पालकांची भीती निराधार असते आणि आपण उगीच माफी देता, असे म्हणण्याइतका मी अजाण नाही. भीतीला आधार असतो. कोणाची मान, कोणाचे हृदय, कोणाची फिट याविषयी डॉक्टरांचा शब्द हा अंतिम शब्द आहे. परंतु दाखल्याने जेथे एक हालचाल वर्ज्य व्हावयाची, तेथे आपण सबंध तासच वर्ज्य करतो. एखाद्याला भेंडी सोसत नाही म्हणून त्याला पंगतीतूनच उठवावे, तसे हे होते. ‘काय करू नये’ एवढेच विचारून कागद परत येतो. ‘मग काय करावे’ हा रकानाच त्या अर्जात नाही.

आता निळ्या टोपीकडे वळतो, कारण हे पत्र वस्तुतः त्याच्यामुळे लिहिले जात आहे.

तिसऱ्या आठवड्यात ताईंनी कपाटामागून एक पन्हळ काढली. पावसाचे पाणी उतरवण्यासाठी लावतात तसला पीव्हीसीचा पाइप उभा चिरून केलेली, चारेक फूट लांब, आणि एका लाकडी घडवंचीवर तिरपी टेकवण्याजोगी. बोचिया नावाचा एक खेळ आहे. १९८४ पासून तो पॅरालिंपिकमध्ये खेळला जातो, आणि त्याचे रूप सांगावयाचे तर आपल्या गोट्यांच्या डावाचा तो दूरचा भाऊबंद शोभेल: एक पांढरा चेंडू लक्ष्य म्हणून आधी टाकावयाचा, मग एका पक्षाने सहा लाल व दुसऱ्याने सहा निळे चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ पोचवावयाचे. खरे चेंडू चामड्याचे आणि महाग. या शाळेचे चेंडू म्हणजे टेनिसचे जुने चेंडू चिरून, आत वाळू भरून, पुन्हा शिवून रंगविलेले. ज्यांना हाताने चेंडू फेकता येत नाही ते पन्हळीवरून तो सोडतात, आणि पन्हळ हलविण्यासाठी त्यांना एक साहाय्यक मिळतो. या साहाय्यकासाठी एक नियम आहे. त्याने मैदानाकडे पाठ करून बसावयाचे. चेंडू कोठे पडला, डाव कसा चालला आहे, हे त्याने वळून पाहावयाचे नाही. खेळाडू जशी खूण करील तशी आणि तेवढीच पन्हळ हलवावयाची.

निळ्या टोपीचा साहाय्यक मी झालो. तो बोलत नसे. डोळे उजवीकडे गेले की पन्हळ उजवीकडे, डावीकडे गेले की डावीकडे, आणि पापण्या मिटून उघडल्या की ‘ठीक’. मग मान पुढे करून हनुवटीने तो चेंडू ढकलणार. मला नियम सांगितला होता, परंतु पहिल्या डावात मी तो पाळलाच नाही. त्याचे डोळे भिरभिरत, खूण निश्चित होत नसे, मागे बाकीची मुले खोळंबलेली. तेव्हा मी हळूच वळून पाहिले, पांढऱ्या चेंडूचा नेम धरून पन्हळ लावून दिली, आणि त्याने हनुवटी टेकताच चेंडू घरंगळत जाऊन पांढऱ्याला खेटून थांबला. साऱ्यांनी टाळ्या पिटल्या. तो मात्र माझ्याकडे नुसता पाहत राहिला. ताई म्हणाल्या, ‘हा चेंडू कोणी टाकला, सर?’

तेव्हापासून मी भिंतीकडे तोंड करून बसू लागलो. आपल्यापैकी कोणी असे बसून पाहिले आहे काय, मला ठाऊक नाही. समोर चुन्याचा पोपडा, त्याखाली पोषण आहाराचा तक्ता, तक्त्यामागून डोकावणारी पाल. आणि मागे काय चालले आहे याची अनावर ओढ. एका चेंडूला त्याला चार मिनिटे लागली. चार मिनिटांत माझ्या टाचणातला सबंध तापन व्यायाम उरकत असे. तो पन्हळ उजवीकडे नेववी, आणखी उजवीकडे, मग किंचित मागे. माझ्या हिशेबाने पांढरा चेंडू समोर होता, आणि हा मला पार कडेला नेत होता. पहिला चेंडू दोरीबाहेर गेला, हे मी मुलांच्या ओरड्यावरून ओळखले. दुसराही गेला. तिसऱ्याच्या वेळी खट् असा आवाज झाला, आणि पाठोपाठ चाकाच्या खुर्चीचे लोखंड खडखडू लागले. मी दचकून वळलो, कारण मला शिट्टीचा दिवस आठवला. तो हसत होता. सर्वांगाने, खुर्चीसकट हसत होता. त्याने पांढऱ्याचा नेम धरलाच नव्हता. प्रतिपक्षाचा एक निळा चेंडू आडोशाला येऊन बसला होता, तो उडवून लावण्याचा त्याचा बेत होता, आणि पहिल्या डावात माझ्या मदतीने पांढऱ्याला खेटलेला तो ‘यशस्वी’ चेंडू त्याच्या डावपेचात बसतच नव्हता. मला एक चेंडू दिसत होता, त्याला तेरा दिसत होते.

महोदय, ‘माफी’ या शब्दाचा माझ्या मनातील अर्थ त्या दिवशी बदलला. अपराध्याला शिक्षेची माफी, शेतकऱ्याला साऱ्याची माफी हे समजू शकते. खेळाची माफी म्हणजे काय? तो दंड आहे की कर? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते या कायद्याने एकवीस केले, याची माहिती शाळांना असते, कारण ते रकाने भरावे लागतात. त्याच कायद्याचे सोळावे कलम असे सांगते की शासनमान्य अथवा अनुदानित शिक्षणसंस्थांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि शिक्षणाबरोबरच खेळाच्या व मनोरंजनाच्या संधी इतरांच्या बरोबरीने द्याव्यात. मी वकील नाही; पण ‘बरोबरीने’ या शब्दात पारावर बसून चपला राखणे बसत नसावे, इतके मला कळते, आणि खुर्चीवर बसून गुण राखणेही.

आपल्यापैकी अनेकांच्या कार्यालयांत मुरलीकांत पेटकरांचे चित्र लावलेले मी पाहिले आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झालेला हा सांगली जिल्ह्याचा जवान १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंदांत पोहून भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक घेऊन आला; त्याच जिल्ह्याच्या सचिन खिलारी यांनी २०२४ मध्ये पॅरिसला गोळाफेकीत रौप्यपदक मिळविले. मीही त्याच जिल्ह्याचा, त्यामुळे छाती माझीही फुगते. मात्र या चित्रांचा एक दुरुपयोग होताना दिसतो. पदक आणील त्या मुलाला मैदान द्यावे, असा एक अलिखित करार आपण करून बसतो; आणि निळ्या टोपीवाला, ज्याच्या चार मिनिटांना कोणतेही पदक कधीच मिळणार नाही, त्या करारातून आपोआप बेदखल होतो. आठवीच्या साठ धडधाकट मुलांपैकी एकही राज्यपातळीवर पोचत नाही, म्हणून त्यांचा तास आपण कधी रद्द केला आहे काय? (गणिताच्या जादा तासासाठी करता, ते निराळे, त्याविषयी आमच्या बिरादरीची तक्रार जुनी आहे आणि तिच्यासाठी स्वतंत्र पत्र लागेल.)

आपली अडचणही मला दिसते. साठांची तुकडी, एकच शिक्षक, मैदान म्हणावे तर दोन इमारतींमधली बोळकांडी, आणि हा असा मुलगा वर्गात एखादाच. पण त्या एकट्यासाठी निराळा खेळ मांडलाच पाहिजे असे थोडेच आहे? नेदरलँड्समध्ये १९५६ च्या सुमारास बैठ्या व्हॉलीबॉलचा खेळ रूढ झाला: सारेच जमिनीवर बसतात, जाळे पुरुषांसाठी १.१५ मीटर आणि स्त्रियांसाठी १.०५ मीटर उंचीवर, मैदानही नेहमीपेक्षा लहान. जाळे नसेल तर दोरी चालते, चेंडू जड वाटला तर फुगा चालतो. सबंध तुकडीला एक तास असे बसवून पाहा. उभ्याने उड्या मारणारे आपले पटाईत खेळाडू बुडाने सरकताना कसे घामाघूम होतात, हे पाहण्यासारखे असते. दृष्टिहीन मूल असेल तर चेंडूत घुंगरे घालावीत, आणि लेझीम तर आपल्या घरचीच आहे, तिला ताल सांगावा लागत नाही, ती हातात वाजते. आपल्या लंगडीचेच पाहा ना. ज्या खेळात प्रत्येक जण आपला एक पाय आपखुशीने बाजूला ठेवतो आणि त्याला कोणी अपंगत्व म्हणत नाही, तो खेळ ज्यांनी रचला त्यांना अनुकूलनाची व्याख्या कोणी पाठ करावयास लावली नसेल.

तेव्हा माझी दरखास्त लहान आहे. या जूनमध्ये असा अर्ज आला तर शेरा मारण्यापूर्वी डॉक्टरांना लेखी विचारावे की नेमकी कोणती हालचाल वर्ज्य आहे. आणि मग तेथेच, पालकांच्या शेजारी उभ्या असलेल्या त्या मुलाला किंवा मुलीला विचारावे. त्याचे उत्तर आपल्याला अपेक्षित असेलच असे नाही, ही माझी सावधगिरीची सूचना.

कारण मी विचारून पाहिले. विशेष शाळेतील मुदत संपल्यावर मी त्या पहिल्या शाळेत गेलो आणि कॅलिपरवाल्या मुलीची गाठ घेतली. ती आता नववीत आहे. मी मनाशी बरीच तयारी केली होती. बैठा व्हॉलीबॉल, फुगा, सारे सांगणार होतो. तिला विचारले, तुला या तासाला काय खेळावेसे वाटते? ती बराच वेळ गप्प राहिली, मी भिंतीकडे पाहत राहिलो, आणि मग म्हणाली, ‘सर, आमचा पी.टी.चा तास शेवटचा असतो. तोपर्यंत कॅलिपरचे पट्टे इतके काचतात की उभंच राहवत नाही. सकाळचा पहिला असता तर मी गोळा टाकला असता.’

तीन आठवडे ती माझ्या शेजारी खुर्चीवर बसली होती. मी तिला एकदाही विचारले नव्हते.

शाळेचे वेळापत्रक जूनच्या पहिल्या आठवड्यात आपल्याच टेबलावर ठरते.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक छात्राध्यापक